प्लंबरची चूक असली तरी मालकांना उत्तर तुम्हीच द्यायचं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बांधकाम कंत्राटदार आहे. वडिलांच्या हाताखाली काम शिकलो, आता स्वतंत्रपणे घरांची कामं घेतो. आठ महिन्यांपूर्वी एका दुमजली घराचा ताबा दिला. पायापासून रंगापर्यंत सगळं काम माझ्याकडे होतं. त्यातलं प्लंबिंग एका प्लंबरला आणि वॉटरप्रूफिंग दुसऱ्या एका माणसाला दिलं होतं. आता वरच्या बाथरूममधून खालच्या खोलीच्या छतात पाणी उतरतंय. सीलिंगला डाग पडलेत, एका कपाटाची मागची बाजू फुगली आहे.

वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, "मी पाणी भरून टेस्ट दाखवली होती, तेव्हा खाली थेंबही नव्हता. नंतर प्लंबरनं जमिनीतला, सांडपाणी बाहेर जायचा ट्रॅप हलवला, तिथंच कोटिंग फाटलं." प्लंबर म्हणतो, "ट्रॅप हलवायला मालकांनीच सांगितलं, आणि कोटिंग परत करणं माझं काम नाही." मालक या दोघांशी बोलायलाच तयार नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, "मी काम तुम्हाला दिलं, मला तुम्ही दुरुस्त करून द्या." माझी राखीव रक्कमही, म्हणजे दोष निघाले तर म्हणून बिलातून मागे ठेवलेले पैसे, त्यांनी अडवून ठेवली आहे. वर हा प्लंबर त्यांनीच सुचवलेला. मी त्या बाथरूमच्या कामाला हातही लावलेला नाही. मग दुसऱ्याच्या चुकीचा खर्च मी का सोसायचा? प्लंबरशी लेखी करार नाही, फोनवर रेट ठरला होता. त्याचे थोडे पैसे माझ्याकडे बाकी आहेत, ते बुडवावेत असं वाटतं. मालकांना काय उत्तर देऊ? आणि माझ्या दुसऱ्या साइटवर हाच प्लंबर आत्ता काम करतोय, त्याचं काय करू?

उत्तर : नमस्कार. तुमचा वैताग समजतो, पण मालकांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यात आडमुठेपणा काही नाही. घराचं पूर्ण काम तुम्ही अंगावर घेतलं होतं, तेव्हा गळती थांबवून देणं तुमच्याकडे आलं. प्लंबर चुकला की वॉटरप्रूफिंगवाला, यानं मालकांच्या बाजूनं काही फरक पडत नाही. पत्र वाचताना जाणवलं ते असं, की तुम्ही दोन वेगळे हिशेब एकाच वहीत मांडताय. एक तुमचा आणि मालकांचा, दुसरा तुमचा आणि प्लंबरचा. पहिल्यात तुम्ही देणेकरी आहात, दुसऱ्यात काही प्रमाणात घेणेकरी. दुसऱ्यातली वसुली होईपर्यंत पहिला लांबवता येत नाही.

मालकांनी करार तुमच्याशी केला. प्लंबरशी त्यांचा करार नाही, त्याचा रेट त्यांना माहीत नाही, त्याचं बिल त्यांच्यासमोर कधी आलेलं नाही. सदोष कामाबद्दल कराराच्या आधारानं दाद मागायची तर त्यांच्यासमोर एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे तुम्ही. शिवाय प्लंबरच्या रेटवर स्वतःचा नफा आणि देखरेखीचा खर्च धरूनच तुम्ही मालकांना दर दिला असणार. काम योग्य माणसाकडे जावं, योग्य क्रमानं व्हावं आणि कोणीतरी ते तपासावं, यासाठी त्यांनी तो जादा पैसा मोजला. काम पोटकंत्राटदाराला द्यायची मुभा बहुतेक करारांत असते, पण त्यामुळे मालकांसमोरची जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय कामांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) 1999 च्या नमुना करारात तर कलम 4.4 मध्ये हे सरळ लिहिलं आहे, की पोटकंत्राटदाराची कृती किंवा कसूर ही कंत्राटदाराची स्वतःचीच असल्यासारखी तो जबाबदार राहील. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या ए-201 या सर्वसाधारण अटींमध्येही याच अर्थाचं कलम आहे. तुमचा करार दोन-चार पानांचा असेल, त्यात असं कलम नसेलही. पण 'अमुक दरात पूर्ण घर बांधून देईन' असं लिहून दिलं, की अर्थ तोच निघतो.

म्हणून 'मी त्या कामाला हातही लावलेला नाही' हे मालकांना ऐकवू नका. तुमच्या मनात ती सफाई आहे, पण त्यांच्या कानावर ती 'मी तिथं बघायलाही गेलो नाही' अशीच पडेल, आणि प्रकरण पुढं गेलं तर तुमच्याच विरुद्ध वापरली जाईल.

आता कामाचं. सगळ्यात आधी त्या घरी जा. आज जमलं तर आजच. प्लंबरला आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बरोबर नेऊ नका, कारण मालकांच्या दिवाणखान्यात त्या दोघांची जुंपली तर तुम्हालाच मान खाली घालावी लागेल. बाथरूमचा वापर थांबवायला सांगा. ज्या सीलिंगवर डाग आहे तिथं दिवे किंवा वायरिंग असेल तर त्या सर्किटचा एमसीबी बंद करून घ्या, छत सुकून इलेक्ट्रिशियननं तपासेपर्यंत तो चालू करू नका. फॉल्स सीलिंग पाण्यानं फुगून खाली आलं असेल तर खालची जागा मोकळी करा, साचलेलं पाणी बादलीत उतरवून घ्या. कपाट भिंतीपासून ओढून मागचा फोटो काढा. या गोष्टींना फारसा खर्च नाही आणि त्यांनी तुम्ही दोष कबूल केला असंही होत नाही. वाढतं नुकसान थांबवणं हे त्या घडीला तिथं असलेल्या जबाबदार माणसाचं काम आहे. उशीर केला तर उद्या वाढलेलं नुकसानही तुमच्याच नावावर लागेल.

मग गळतीचं कारण शोधा. इथं घाई करू नका असं मी हात जोडून सांगेन. दोन माणसं एकमेकांकडे बोट दाखवताहेत आणि तुम्ही त्यातल्या एकाचं बहुतेक खरं मानलंय, पण अजून फरशीखाली कोणी पाहिलेलं नाही. बाथरूमच्या गळतीला चार वाटा असतात : नळाला येणारी दाबाखालची लाइन, सांडपाण्याची लाइन, जमीन आणि भिंती. एकेक तपासा, आणि दोन तपासण्यांमध्ये खालचं छत थोडं सुकू द्या. सगळं एकाच दिवशी उरकलं तर पाणी कुठल्या वाटेनं आलं ते कधीच कळणार नाही.

पहिल्यांदा दाबाखालची लाइन. बाथरूम वापरात नसतानाही रात्रंदिवस डाग वाढत असेल तर संशय तिच्यावर. लाइन बंदिस्त करून टेस्टिंग पंप लावा, काटा घसरतो का पाहा. तो जागेवर राहिला तर पुढं सांडपाणी : जमीन कोरडी ठेवून नरसाळ्यानं थेट ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडा आणि खाली रंग उतरतो का बघा. त्यानंतर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर पाणी भरा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकंच. भिंतीवर पातळीची खूण करा आणि 24 ते 48 तास थांबा. सर्वात शेवटी ट्रॅप उघडा ठेवून शॉवरची भिंत भिजवा. प्रत्येक टप्प्याचे तारीख-वेळ दिसणारे फोटो काढा. मालकांनाही दाखवत जा. घरमालकांचा राग पुष्कळदा गळतीपेक्षा त्यांना कोणी काही सांगत नाही याचा असतो.

या तपासणीनं ट्रॅपकडेच बोट दाखवलं तर त्याच्याभोवतीच्या टाइल्स उचला. काय दिसेल याचा मला अंदाज आहे. जुना ट्रॅप काढला तिथलं भोक आणि नवा बसवला तिथलं भोक, दोन्ही साध्या सिमेंट-वाळूच्या मालानं भरलेली असतील. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला तो माल नीट धरत नाही. सुकताना आकसतो आणि पाइपाभोवती केसाएवढी गोल फट राहते. डोळ्याला ती सहज दिसत नाही, नखानं चाचपली तर लागते. वर टाइल्स बसल्या तरी टाइल्सच्या सांध्यांतला ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं पाणी खाली झिरपतंच, ते अडवायचं काम कोटिंगचं. ते फटीपाशी तुटलेलं असलं की पाणी स्लॅबमधून वाट काढतं. कोटिंग ट्रॅपच्या कडेवर चढलेलं आहे का, की ट्रॅपच्या अलीकडेच कापल्यासारखं संपलंय, हे जवळून पाहा आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. तुमच्या दोन माणसांच्या वादाचा निकाल त्या फोटोत असेल.

हे पाहूनही टाइल्सच्या वरून नुसतं ग्राउट भरून द्यायचा सल्ला कोणी देईल. मानू नका. काही दिवस गळती थांबल्यासारखी वाटते, मग परत येते, आणि दुसऱ्यांदा आलेल्या गळतीनंतर मालक तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. भोक न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा, जुन्या कोटिंगवर पुरेसा चढवून नवा थर द्या, तो ट्रॅपच्या कडेपर्यंत न्या, टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून टेस्ट घ्या आणि ती मालकांच्या डोळ्यांदेखत घ्या.

आता पत्रातला तो भाग, ज्यावरून तुम्ही फार चटकन पुढं गेलात. पाण्याची टेस्ट झाल्यावर ट्रॅप हलला. मग टाइल्स बसल्या. मधल्या काळात साइटवर कोण होतं? टेस्ट झालेल्या कोटिंगला भोक पडलं, तरी दुसरी टेस्ट न घेता टाइलवाल्याला 'चालू कर' कोणी सांगितलं? प्लंबर म्हणतो कोटिंग त्याचं काम नाही, आणि कामाच्या वाटणीपुरतं ते खरं आहे. वॉटरप्रूफिंगवाला तर काम संपवून निघून गेला होता, त्याला कोणी परत बोलावलं नाही. तीन कारागिरांच्या कामांचा सांधा जुळवणं हे त्यांच्यापैकी कोणाच्याच वर्क ऑर्डरमध्ये नसतं. ते मुख्य कंत्राटदाराचं काम. त्यामुळे ही चूक सगळीच्या सगळी दुसऱ्याची आहे असं मला वाटत नाही. प्लंबरनं न सांगता कोटिंग फोडलं असेल तर ती त्याची गंभीर चूक. पण क्रम सांभाळण्यातली कसूर तुमच्या साइटची आहे, आणि प्लंबरकडून वसुली करायला बसाल तेव्हा तो वाटा तुम्हाला स्वतःकडे ठेवावा लागेल. वॉटरप्रूफिंगवाल्याची टेस्ट खरोखर झाली असेल आणि फोटो असतील तर त्याला यात ओढू नका. उलट दुरुस्तीसाठी त्यालाच बोलवा आणि त्या कामाचे पैसे त्याला द्या.

मधेच केलेल्या छोट्या बदलाचं बांधकामात काय होऊ शकतं याचं सगळ्यात दुःखद उदाहरण 1981 सालचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीवरचे टांगते पूल कोसळून 114 माणसं गेली. मूळ कल्पनेत एकच सलग रॉड दोन्ही पुलांना धरून छतापर्यंत जायचा होता. स्टीलचं काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी त्या जागी दोन वेगळे रॉड आले आणि वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार पडला. बदल सुचवला फॅब्रिकेटरच्या बाजूनं, पण तो मंजूर होऊन गेला स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडून, आणि परवाने शेवटी त्या इंजिनिअरांचे गेले. तुमच्या बाथरूमची आणि त्या दुर्घटनेची बरोबरी करत नाही. पण बदल कोणी सुचवला यापेक्षा तो कोणाच्या नजरेखालून पुढं गेला, हे तुमच्या प्रकरणातही विचारलं जाईल.

"मालकांनीच सांगितलं" याचंही तसंच. मालकांनी ट्रॅप हलवायला सांगितलं असेल, कोटिंग फोडून तसंच ठेवा असं ते म्हणाले नसणार. ट्रॅप हलवला की खाली काय काय परत करावं लागतं हे त्यांना माहीत असणं अपेक्षितच नाही, ते तुम्हाला माहीत असणं अपेक्षित आहे. बदलाचा जादा खर्च त्या वेळी सांगितला असता तर त्यांच्याकडून रास्तपणे घेता आला असता. आठ महिन्यांनी गळतीच्या निमित्तानं तो मागू नका. तुम्ही त्या वेळी लेखी सावध केलं असेल, 'या बदलाला कोटिंग आणि टेस्ट पुन्हा करावी लागेल' असं कळवलं असेल आणि त्यांनी तरीही नको म्हटलं असेल, तर गोष्ट वेगळी. तसा एखादा मेसेज असेल तर शोधून ठेवा.

प्लंबर त्यांनी सुचवला होता, या मुद्द्यावर तुमची बरीच भिस्त दिसते. माझ्या मते तो टिकणार नाही. सुचवणं आणि नेमणं यांत मोठं अंतर आहे. काही करारांत मालक विशिष्ट पोटकंत्राटदार नेमून देतात, कंत्राटदारानं त्यालाच घ्यायचं असतं, आणि त्याच्या बाबतीत कोणती जोखीम कोणाची याची वेगळी कलमं असतात. फिडिकमध्ये तर अशा नेमणुकीला वाजवी कारण देऊन हरकत घेण्याचा हक्क कंत्राटदाराला आहे. तुमच्याकडे असं काही झालं नाही. 'आमच्या ओळखीचा एक प्लंबर आहे, बघा' असं ते म्हणाले, तुम्ही रेट ठरवला, तुम्ही कामावर घेतलं, तुम्ही पैसे दिले. तो तुमचा पोटकंत्राटदार झाला.

याचा अर्थ साइटवरची प्रत्येक चूक कंत्राटदाराच्या गळ्यात पडते असा मुळीच नाही, आणि त्या बाबतीत तुम्ही गप्प बसावं असंही मी म्हणणार नाही. ड्रॉइंगच चुकीचं असेल आणि तुम्ही त्याबरहुकूम बांधलं असेल, तर प्रश्न ड्रॉइंग देणाऱ्याकडे जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1918 साली स्पिअरिन खटल्यात हेच धरलं होतं. कंत्राटदार एक गोदी बांधत होता, सरकारनं दिलेल्या नकाशाप्रमाणे त्यानं एक सांडपाण्याचा मार्ग वळवून बांधला, तो पुढं पाण्याच्या दाबानं फुटला. मालकानं दिलेल्या नकाशाप्रमाणे बांधायचं बंधन असेल, तर नकाशातल्या दोषाच्या परिणामांना कंत्राटदार जबाबदार नाही, असा निकाल आला. हे तत्त्व सगळ्या देशांत याच रूपात नाही, आणि ड्रॉइंगमधली उघड चूक दिसूनही गप्प राहिलेल्या कंत्राटदाराला त्याच्या आड लपता येत नाही. तसंच, मालकांनी स्वतः परस्पर नेमलेल्या माणसाचं काम तुमचं नाही. ताबा घेतल्यावर त्यांनी काचेचं पार्टिशन बसवून घेतलं असेल आणि त्यासाठी जमिनीला ड्रिल मारलं असेल, तर त्या भोकातून होणारी गळती तुमच्यावर येत नाही. म्हणूनच टाइल्स उचलण्याआधी अख्ख्या बाथरूमची पाहणी करा.

करार कोणाशी आहे यावर किती अवलंबून असतं, याचा एक इंग्रज निकाल सांगण्यासारखा आहे. 1988 साली तिथल्या सर्वोच्च पीठासमोर डी अँड एफ इस्टेट्सचा खटला आला. लंडनमधल्या एका इमारतीत पोटकंत्राटदारानं केलेलं प्लास्टर सदोष निघालं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा मुख्य कंत्राटदाराशी करार नव्हता, त्यांनी निष्काळजीपणाचा दावा केला, आणि तो फेटाळला गेला. कुशल पोटकंत्राटदार निवडून काम दिल्यावर त्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा तिऱ्हाइताकडे आपोआप येत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. काही कंत्राटदार अशा निकालांवरून भलताच दिलासा घेतात. तुमचे मालक तिऱ्हाईत नाहीत. त्यांच्या हातात तुमची सही आहे.

आता प्लंबरचं. त्याचे पैसे बुडवायची भाषा सोडून द्या. हक्क म्हणून रक्कम वळती करणं वेगळं आणि रागानं पैसे दाबून ठेवणं वेगळं. टाइल्स उचलायच्या आधी त्याला लेखी कळवा, मेसेज चालेल : अमुक तारखेला अमुक वेळी ट्रॅपभोवतीची जमीन उघडतोय, तुम्ही हजर राहा, दोष तुमच्या कामातला निघाला तर दुरुस्तीची पहिली संधी तुम्हाला. तो आला नाही तरी तुमची बाजू भक्कम होते. ही संधी न देता परस्पर दुसऱ्याकडून काम करून घेतलंत, तर पुढं तो हमखास म्हणेल की मला दाखवलंच नाही, मी निम्म्या खर्चात केलं असतं. दुरुस्तीचा प्रत्येक खर्च वेगळा लिहा, मालाची बिलं, मजुरी, डेब्रिज उचलण्याचे पैसे, सगळं. त्यातून तुमचा वाटा वजा करा आणि उरलेल्याची डेबिट नोट, म्हणजे एवढी रक्कम तुमच्या नावे टाकली असं लेखी पत्र, त्याला द्या, कारणासकट. बाकी रकमेतून तेवढीच वळती करा, एक पैसाही जास्त नाही. त्याच्या हाताखालच्या पोरांची मजुरी त्यात अडकलेली असेल तर ती आधी मोकळी करा. ट्रॅप कुठं बसवायचा हे त्या पोरांनी ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्या साइटचे पैसे या हिशेबात ओढण्याआधी वकिलाला विचारा, कारण वेगळ्या कामाची रक्कम अशी वळती करता येते की नाही हे स्थानिक कायद्यावर आणि तुमच्यात काय ठरलं होतं यावर आहे.

लेखी करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. तोंडी ठरलेलं कामही बहुतेक ठिकाणी करारच मानलं जातं, अडचण येते ती सिद्ध करताना. रेटचे मेसेज, दिलेल्या पैशांच्या नोंदी, साइटचे फोटो, सुपरवायझरची डायरी, त्यानं पाठवलेली बिलं हे सगळं एका जागी गोळा करा. तुम्ही किंवा त्यानं कामाचा विमा उतरवला असेल तर विमा कंपनीला दुरुस्तीआधी कळवा. सदोष कामाचा स्वतःचा खर्च विम्यात सहसा बसत नाही, पण त्यामुळे झालेलं दुसरं नुकसान, उदाहरणार्थ ते फुगलेलं कपाट आणि खालचं सीलिंग, काही पॉलिसींत बसतं. ते बसो न बसो, कपाटाची दुरुस्ती मालकांकडे वाद न घालता मान्य करा.

पुढच्या कामांसाठी एक गोष्ट मात्र आजच बदला. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष फुकट दुरुस्त करून देण्याची मुदत. तुमची मुदत मालकांना ताबा दिल्यापासून मोजतात. पोटकंत्राटदाराची मुदत, ठरवली असलीच, तर बहुधा त्याचं काम संपल्यापासून. प्लंबर टाइल्सच्या आधी निघून जातो, ताबा त्यानंतर कित्येक महिन्यांनी होतो. दोघांच्या कागदावर एकच 'बारा महिने' लिहिले असले, तरी त्याचे संपतात तेव्हा तुमचे अजून चालू असतात, आणि मधल्या काळात निघालेला दोष एकट्या तुमच्यावर येतो. म्हणून त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये त्याची मुदत तुमच्या मुदतीबरोबरच संपेल असं लिहा, आणि त्याच्या बिलातली 5 किंवा 10 टक्के जी काही राखीव रक्कम ठरेल तीही तोपर्यंत ठेवा. ती वेळेवर परतही करा. राखीव रक्कम कायमची खिशात घालणाऱ्या कंत्राटदाराकडे चांगले कारागीर फार काळ टिकत नाहीत.

वर्क ऑर्डर एका पानाची पुरे. काय करायचं, काय करायचं नाही, कोणती टेस्ट, ती कोण पाहणार, आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय कोणताही बदल नाही, मालकांनी प्रत्यक्ष सांगितला तरी. हे शेवटचं वाक्य मालकांच्या करारातही घाला : बदल हवा असेल तर मला सांगा, माझ्या कारागिराला नको. आणि पाण्याच्या टेस्टवर तुमची किंवा सुपरवायझरची सही झाल्याशिवाय टाइलवाल्याला बाथरूमचं दार उघडायचं नाही.

मालकांना काय लिहायचं असं तुम्ही विचारलंत. साधारण असं लिहा :

"आपल्या वरच्या बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती माझ्याकडून आणि माझ्या खर्चानं होईल. परवा सकाळी तपासणी सुरू करतो. कारण सापडलं की फोटोंसह कळवतो. टाइल्स उचलाव्या लागल्या तर त्या जागच्या नव्या बसवून देईन. दुरुस्तीनंतर आपल्यासमोर पाणी भरून टेस्ट घेऊ. खालचं सीलिंग पूर्ण सुकल्यावर रंगवून देतो, कपाटाचंही बघतो. टेस्ट समाधानकारक झाल्यावर राखीव रकमेबद्दल बोलू."

यात प्लंबरचं नाव कुठंही नाही, ते मुद्दाम. राखीव रक्कम अडवली म्हणून रुसू नका, अशाच प्रसंगासाठी ती ठेवलेली असते. मात्र ती दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट असेल, तर टेस्ट झाल्यावर मोठा भाग सोडावा आणि थोडा मुदत संपेपर्यंत ठेवावा, असं मागायला हरकत नाही. मालकांपैकी बरेच जण याला तयार होतात. टाइल्स मूळच्याच मिळतात का तेही लगेच पाहा. रंगाची छटा लॉटगणिक बदलते, आणि ठिगळ दिसलं तर नवा वाद उभा राहतो. ताबा देताना उरलेल्या टाइल्सचा बॉक्स तिथं ठेवला असेल तर तो कुठं आहे ते विचारा.

राहिला दुसऱ्या साइटवरचा प्लंबर. या एका गोष्टीवरून त्याला काढू नका. त्याचं बाकीचं काम कसं आहे ते तुम्हीच जाणता. तपासणीला तो आला, फट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून 'हो, इथं मी सांगायला हवं होतं' म्हणाला, तर असा माणूस ठेवण्यासारखा आहे. फोनच उचलत नसेल तर चालू टप्पा संपल्यावर हिशेब मिटवून मोकळे व्हा. तोपर्यंत एवढं करा : त्या साइटवर कोटिंग सुरू व्हायच्या आधी मालकांना बोलवा, प्रत्येक बाथरूममधल्या ट्रॅपची जागा खडूनं आखून दाखवा, बदल हवा असेल तर तेव्हाच करून घ्या आणि ड्रॉइंगवर तिघांच्या सह्या घ्या.